अळीमुक्त जंगल

एका जंगलावर एक वाघ दूर राजधानीत बसून राज्य करीत होता. तो या गोष्टीत उशिरा येतो आणि लवकर जातो, तेव्हा आत्तापासून घाबरू नका. आपली गोष्ट आहे ठकूबाई नावाच्या साळिंदराची.

ठकूबाई ओढ्याकाठी राहायची. तिच्या बिळासमोर रुईची झुडपं माजली होती. ती तिनं कधी उपटली नाहीत, कारण ती आळशी होती. आळशी प्राण्याचं पुढे वाईट होतं, असं तुम्हाला शाळेत शिकवलं असेल. शिकवू दे.

दर भाद्रपदात तिथे नारिंगी फुलपाखरं यायची. त्यांची अंडी रुईवरच. दुसरं झाड दाखवलं तरी चालायचं नाही. अंड्यांतून पट्टेरी अळ्या निघायच्या आणि रुईची पानं खाऊन टम्म व्हायच्या. रुई कडू, म्हणून अळी कडू. अळी कडू, म्हणून फुलपाखरू कडू. पाखरं त्यांना चोच लावत नसत. सगळा संसार कडूपणावर चालला होता आणि बरा चालला होता. तुमच्या शेजारीही असं एखादं घर असेल.

ही फुलपाखरं आणि झाडांच्या ढोलींतल्या मधमाश्या फुलाफुलांवर फिरत, म्हणून जंगलात करवंदं धरत आणि रानकाकड्या लागत. हे सगळ्यांना ठाऊक होतं. ‘ठकीच्या रुईत पाय घालायचा नाही,’ एवढं पोराबाळांना सांगितलं की काम भागत असे. समिती नव्हती, ठराव नव्हता, पाटी तर नव्हतीच.

मग एक बगळा राजधानीत गेला आणि तिथे बढाया मारून आला. आठवड्याभरात कारभारी तरस जंगलात हजर.

“महाराज पंधरा दिवसांनी दौऱ्यावर येत आहेत,” तो म्हणाला. “फुलपाखरं पाहणार आहेत.”

सरपंच होता सर्जेराव रानडुक्कर. त्यानं लगेच सभा बोलावली.

“मंडळी, गावाच्या इज्जतीचा सवाल हाय,” सर्जेराव म्हणाला. “ह्या गचपणात म्हाराजास्नी आणायचं? पयली साफसफाई!”

“आवं, पर फुलपाखरं गचपणातच ऱ्हात्यात,” ठकूबाई म्हणाली.

“ऱ्हात्यात, कारण आपण त्यास्नी चांगली जागा कधी दिलीच न्हाई.”

यावर टाळ्या पडल्या. सभेत टाळी पडली की मुद्दा खरा होतो, हे ध्यानात ठेवा.

दुसऱ्या दिवसापासून सगळं जंगल कामाला लागलं. झुडपं तोडली. गोल गोल दगड ओळीनं मांडून त्यांना चुना फासला. झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि पांढरे पट्टे दिले. खोडाला भोक दिसणं बरं नव्हे, म्हणून ढोल्या मातीनं लिंपल्या. आत मधमाश्या होत्या. त्यांना विचारलं नाही, कारण त्यांनी अर्ज केला नव्हता. ओढ्यावर कमान उभी राहिली: ‘फुलपाखरांच्या माहेरी आपले स्वागत असो.’

रुई तोडताना अळ्या सापडल्या आणि एकच हलकल्लोळ झाला.

“म्हाराजांच्या फुडं अळी निघाली तर माझं तोंड काळं!” सर्जेराव ओरडला.

“आवं, हीच ती फुलपाखरं!” ठकूबाई कळवळून म्हणाली.

सगळे पोट धरधरून हसले. तरसानं तिची समजूत काढली. “बाई, माझी हयात कारभारात गेली. फुलपाखराला पंख असतात.”

मग ठकूबाई शेवटच्या झुडपापुढे काटे फुलवून उभी राहिली. एवढं मोठं ते झुडूप, अळ्यांनी लगडलेलं. जन्मात पहिल्यांदा ती कशासाठी तरी उभी राहिली होती. कुणाची पुढे यायची छाती होईना.

सर्जेराव लाडानं म्हणाला, “ठके, आगं म्हाराजांच्या हातनं तुझा सत्कार ठेवलाय. शाल, नारळ. चल, येकदा तालीम करून घिऊ.”

आता इथे मला सांगायला लाज वाटते, पण ठकूबाई गेली. शाल कुणाला नको असते? तिनं तीनदा वाकून नमस्काराची तालीम केली. नारळ डाव्या हातात घ्यायचा की उजव्या, यावर थोडी चर्चा झाली. परत आली तर झुडूप नव्हतं. त्या जागी चुना फासलेला दगड होता.

ठकूबाई ढसाढसा रडली. मला तिचा राग येतो आणि वाईटही वाटतं.

मग तिनं तोडलेल्या फांद्यांचा ढीग उपसला. ज्या पानांवर अळ्या जिवंत होत्या, ती पानं एकेक करून काट्यांत खोवली आणि ती डोंगरापलीकडच्या घळीकडे चालू लागली. त्या घळीत रुई होती, दोन भेकरं होती, थोडे ससे होते आणि सरपंच नव्हता. आळशी बाई दोन डोंगर चढली. शाल राहिली ती राहिलीच.

ठरल्या दिवशी महाराज आले. त्यांनी दगड पाहिले. बुंधे पाहिले. मग विचारलं, “फुलपाखरं कुठं आहेत?”

तरस पटकन म्हणाला, “महाराज, इथे आता एकही अळी नाही.”

“वा!” महाराज म्हणाले.

एका कड्यावर फुलपाखराचे दोन भलेमोठे पंख रंगवून ठेवले होते. महाराज बरोबर मधोमध उभे राहिले, मान जराशी तिरकी करून. “म्हाराज, आमचं फुलपाखरू म्हंजी तुमीच!” सर्जेराव गहिवरून म्हणाला. जंगलाला जागच्या जागी ‘अळीमुक्त जंगल’ पुरस्कार मिळाला.

पुढल्या वर्षी फुलपाखरं आली नाहीत. करवंदं धरली नाहीत. रानकाकडीच्या वेलीला नुसती पानं. सर्जेरावानं पुन्हा सभा घेतली आणि फुलपाखरांच्या कृतघ्नपणाचा निषेध केला. ठराव एकमतानं पास झाला. सगळे उपाशी होते, तरी हात वर करण्याएवढी ताकद होती.

तेवढ्यात कुणीतरी घळीची बातमी आणली. तरस चुन्याची बादली घेऊन निघाला.

घळीच्या तोंडाशीच ठकूबाई बसली होती. मागे रुई माजली होती आणि पानापानावर अळ्या चरत होत्या.

“काय गं, इथे फुलपाखरं आहेत म्हणे?”

“फुलपाखरं? कुणी सांगितलं, सायेब? निस्त्या अळ्या हायेत. आंगावर पडली की म्हैनाभर खाज. त्या भेकराचं हाल बगा.”

भेकर लगेच दगडाला पाठ घासू लागलं. ससे तर लोळायलाच लागले. मुलांनो, ती सगळी धडधडीत खोटं बोलत होती. त्या अळीनं कुणालाही खाज येत नाही.

तरस चार पावलं मागे सरकला. तिथूनच त्यानं वहीत लिहिलं: ‘पडीक, गलिच्छ. दौऱ्यास अयोग्य.’

“लई उपकार झालं,” ठकूबाई हात जोडून म्हणाली. “सायेब, तेवढा शिक्का मारा की.”

तात्पर्य: आळस करू नये, खोटं बोलू नये आणि गावातली चांगली गोष्ट मोठ्या माणसांच्या नजरेस आणावी. फुलपाखरं हवी असतील, तर मात्र यातलं काहीएक पाळू नये. हे उत्तर परीक्षेत लिहू नका, मार्क मिळणार नाहीत.