ब्रॅकनफर्डची रंगीत तालीम

"शहर निवडावं तर वाढतं निवडावं. वाढून झालेलं शहर म्हणजे शिळा भात," असं चंद्रशेखरचे मामा म्हणत. हे वाक्य त्यांनी प्रथम उच्चारलं तेव्हा ते पुण्याबाहेरच्या एका माळावर उभे होते आणि ऐकायला लहानगा चंद्रशेखर व एक बकरी होती. पुढे त्या माळावर मॉल झाला आणि मामांचा शब्द घराण्यात प्रमाण झाला.

त्यामुळे मेधाच्या विमा कंपनीने तिला इंग्लंडमधल्या ब्रॅकनफर्ड नावाच्या गावी बदली देऊ केली, तेव्हा चंद्रशेखरने पगाराआधी गावाचं वय विचारलं. पत्रासोबतचं माहितीपत्रक त्याने मोठ्याने वाचलं. झपाट्याने वाढणारं आधुनिक शहर. तळी, झाडं, सायकलमार्ग. सर्व सोयी चालत पंधरा मिनिटांवर. हे वाचन सिंगापूरच्या पुंगोल वस्तीत, अकराव्या मजल्यावर झालं. खाली पाणी होतं, पाण्याकाठी झाडं होती, झाडांखाली सायकलमार्ग होता, आणि सर्व सोयी चालत दहा मिनिटांवर होत्या. परंतु पुंगोल आता बरंचसं वाढून झालं होतं, हा दोष डोळ्याआड करता येण्यासारखा नव्हता.

मेधा काहीतरी सांगणार होती. तेवढ्यात त्याने वही उघडली.

पूर्वतयारीविना स्थलांतर करणे उचित नाही, सबब घरात रंगीत तालीम घेण्यात यावी, असं ठरलं. ठरवणारा एकटाच होता. तज्ज्ञ म्हणून यिशुन वस्तीतल्या दिलीपरावांना पाचारण करण्यात आलं. दिलीपराव वीस वर्षांपूर्वी अकरा दिवस इंग्लंडात होते. त्यांतले चार तापात गेले होते. उरलेल्या सात दिवसांच्या बळावर त्यांनी नियमावली सांगितली.

पहिल्या आठवड्यात एसी सोळावर आला आणि कपाटातले स्वेटर बाहेर आले. तिकडे हिवाळ्यात चारलाच काळोख होतो, म्हणून शनिवारी चारला पडदे ओढले जाऊ लागले. वाढत्या इंग्रजी शहरात रस्त्यांवर गोल चौक फार, त्यांची सवय व्हावी म्हणून रविवारी दिलीपरावांसह सगळे एलआरटीच्या छोट्या गाडीत बसून वस्तीला दोन फेऱ्या मारत आणि निघाले तिथेच उतरत. रांगेत उभं राहणं या विषयातून मात्र कुटुंबाला सूट मिळाली. तो अभ्यासक्रम हॉकर सेंटरवरच्या खाण्याच्या ठेल्यांपुढे केव्हाच पूर्ण झाला होता.

शेजाऱ्यांशी फक्त हवेबद्दल बोलायचं, असंही एक कलम होतं. शेजारच्या चिनी आँटींना चंद्रशेखर रोज सांगे की आज ऊन आहे. त्या म्हणत, कालही होतं. तिसऱ्या दिवसापासून त्या त्याला पपई पाठवू लागल्या. माणसाला काहीतरी झालंय, एवढं त्यांना कळलं होतं.

"बाबा, आत फ्रिज, बाहेर अवन. कॅन नॉट टेक इट ला," सातवीतली इरा म्हणाली. तिचं मत हवामानविषयक हरकत म्हणून वहीत नोंदवून घेण्यात आलं.

सर्वांत अवघड कलम होतं ते वेळेचं. इंग्रज माणूस पाचला ऑफिस सोडतो आणि सहाला जेवायला बसतो, असं दिलीपरावांचं ठाम निरीक्षण होतं. बँकेतून रात्री नऊच्या आत कधी न निघालेला चंद्रशेखर साहेबांकडे गेला आणि गंभीरपणे म्हणाला, की स्थलांतराच्या तयारीसाठी मला रोज पाचला निघावं लागेल. घरच्यांसाठी लवकर जायचंय असं तो म्हणाला असता, तर साहेबांनी त्याच्या निष्ठेची चौकशी लावली असती. तयारी म्हटल्यावर त्यांनी लगेच सही केली.

तर तो सहाला जेवू लागला. जेवल्यावर तिघं पाण्याच्या कडेने चालू लागली, कारण तिकडे चालतात. इरा त्याला वर्गातल्या भांडणांची इत्थंभूत हकीकत सांगे. मेधा अधूनमधून त्याचं कोपर धरी. हेही वहीत प्रगती या सदराखाली गेलं.

असे तीन महिने गेले. मग एका शुक्रवारी त्याने राजीनाम्याचा मसुदा केला. शनिवारी दहा वाजता फ्लॅट बघायला एजंट येणार होता. वहीतली सगळी कलमं पूर्ण झाली होती. पत्नीची रुजू होण्याची तारीख, एवढाच रकाना कोरा होता. स्वेटरच्या बाह्या सारून त्याने पेन उघडलं आणि तारीख विचारली.

मेधाने उठून एसी बंद केला.

"तारीख नाहीये," ती म्हणाली.

"कळवली नाही त्यांनी अजून?"

"मीच कळवलं. नाही येणार म्हणून. पत्र आलं त्याच दिवशी."

चंद्रशेखरने पेनचं टोपण लावलं, पुन्हा काढलं. एजंट, राजीनामा, दिलीपरावांचे खर्ची पडलेले रविवार, सगळं त्याच्या तोंडाशी आलं असावं. पण त्याने विचारलं एवढंच, की मग तीन महिने गप्प का राहिलीस.

"त्या दिवशी सांगायलाच आले होते, तू वही काढलीस. पुढच्या आठवड्यात सांगणार होते. पण सोमवारी तू सहाला दारात उभा होतास. इरा मला स्वयंपाकघरात येऊन विचारते, बाबांना बरं नाही का?" ती थोडी हसली. मग हसू थांबलं. "म्हटलं, अजून एक दिवस जाऊ दे. रोज म्हटलं. जायचं ठरलं म्हणून तू घरी यायला लागलास, शेखर. इथेच राहायचंय असं सांगितलं असतं, तर आला असतास?"