गुणमालेची कंबर आणि जेलची सीट

त्या रविवारी संध्याकाळी आमच्या सौभाग्यवती गाडीवरून उतरल्या, एक हात कमरेवर ठेवला, दुसरा भिंतीला टेकला आणि म्हणाल्या, "पुढच्या ऐतवारपासनं मी एस्टीनं जाणार. तुमी आन तुमची गाडी, दोघं या मागनं सावकाश."

एखाद्या सुखी नवऱ्यानं हे ऐकून पेपर उघडला असता आणि पाय पसरले असते. मी मात्र तिथंच, चार्जरची वायर हातात धरून, ठरवलं की ही गाडी मऊ करायची. माझ्या आयुष्यातले बहुतेक घोटाळे असेच भल्या हेतूनं सुरू झालेले आहेत. (लग्न सोडून. हे गुणमाला वाचणार आहे.)

मी जवाहर. पलूसच्या एका हायस्कुलात क्लार्क. स्वभाव पहिल्यापासून खिन्न. चेहरा तर असा, की कुणाच्या बारशाला गेलो तरी लोक खालच्या आवाजात विचारतात, "काय, कसं झालं?" त्यात आमची मुलगी प्राची नोकरीसाठी पुण्याला गेली, आणि घर इतकं शांत झालं की फ्रिज बंद पडला तर वरच्या मजल्यावर कळतं. घरात आमचा संवाद म्हणजे "गॅस संपत आलाय" आणि "बरं." दिवस चांगला असला तर "येताना कढीपत्ता आणा" एवढी भर.

पण दर रविवारी आम्ही सांगलीला जातो. तिथं गुणमालेचं माहेर. सासूबाई अंथरुणाला लागल्यात. त्यांना न्हाऊ घालणं, डोक्याला तेल लावणं, केस विंचरणं, ही कामं गुणमाला भावजयीवर सोडत नाही. आणि या जाण्यायेण्यात ती बोलते. मागं बसून, हनुवटी माझ्या उजव्या खांद्याला लागेल न लागेल अशी ठेवून, अख्खा रस्ता बोलते.

पेट्रोलच्या गाडीवरही ती बोलायची म्हणे. मला इतकी वर्षं फक्त इंजिन ऐकू आलं. ही इलेक्ट्रिक गाडी घेतली, तिला आवाजच नाही, आणि पहिल्याच फेरीत वसगड्याच्या अलीकडं मला शोध लागला की माझी बायको फार छान बोलते. भावजयीची नक्कल करते. लहानपणी कृष्णेच्या घाटावर बुडता बुडता वाचली होती, हेही तिनं मला गाडीवरच सांगितलं. समोरासमोर बसून ती असलं काही सांगणार नाही. गाडीवर माझा चेहरा दिसत नाही, त्याचाच हा परिणाम असावा.

ती एस्टीनं जायला लागली तर हे सगळं शेजारच्या सीटवरच्या कुठल्यातरी बाईला फुकट ऐकायला मिळणार, आणि मी मागून एकटा, तोंड मिटून. नाही. गाडी मऊ व्हायलाच हवी होती.

आमच्या गावात गाड्यांना वरचं सामान बसवणारा जोतिबा म्हणून एक गृहस्थ आहे. त्याच्या दुकानात माणूस आरसा घ्यायला शिरतो, आणि बाहेर येतो तेव्हा जुन्या गाडीतली फक्त नंबरप्लेट शिल्लक असते. मी गुणमालेलाही बरोबर नेलं. पहिली चूक तिथंच झाली.

जोतिबानं दोन्ही हातांनी गाडीचं बूड दाबून बघितलं. "भाऊसाहेब, त्रास काय हाय?"

"मागं बसल्यावर कमरेला धक्के बसतात."

"मागचं शॉकॲब्सॉर्बर बदलू. वजनाप्रमाणं स्प्रिंग येतंय. तुमचं वजन?"

मी सांगितलं.

"आन वैनींचं?"

दुकानात चार गिऱ्हाइकं होती. चौघांच्याही माना आमच्याकडं वळल्या. एकानं तर कानाला लावलेला फोन खाली घेतला. गुणमाला माझ्याकडं बघत होती. अशा प्रसंगी खरा आकडा सांगणारा नवरा मी अजून पाहिलेला नाही. असलाच तर तो पुढं फार जगला नसावा.

"पन्नास," मी म्हणालो.

जोतिबानं गुणमालेकडं बघितलं. मग माझ्याकडं. "पन्नास?"

"एखादा किलो कमीच."

गुणमाला हसली. प्राची गेल्यापासून ती अशी हसल्याचं मला आठवत नव्हतं. त्या एका हसण्यापायी मी गाडीला पन्नास किलोवालीचं स्प्रिंग बसवून घेतलं, आणि आनंदात दोघं घरी निघालो. पहिल्या स्पीडब्रेकरला गाडी जी खाली बसली, ती खाडकन आपटल्यावरच थांबली. गुणमालेचं हसूही तिथंच संपलं.

आता खरं वजन सांगायला परत जायचं म्हणजे "पन्नास" हे खोटं होतं असं चारचौघांत कबूल करायचं. त्यापेक्षा मी जोतिबाला सांगितलं, "सीट कडक आहे."

"मग जेलची सीट टाकू," जोतिबा म्हणाला. "हाय त्या सीटवर पट्ट्यानं बांधायची. वर हत्ती बसला तरी कळत न्हाई." (हे त्यानं वैनींसमोर बोलायला नको होतं.)

जेलची सीट खरंच मऊ होती. पण तिच्यामुळं बसायची उंची वाढली आणि गुणमालेचे पाय फुटरेस्टला पोचेनात, लोंबकळू लागले. म्हणून लांब फुटरेस्ट. इतक्या उंचावर पडायची भीती वाटते म्हणून पाठीमागं टेका. टेक्याला आधार म्हणून डिकी. शेवटी मी मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला, त्यात एक गडी सांगत होता की टायरमधली हवा थोडी कमी ठेवली की खड्डे लागत नाहीत. मी थोडी कमी केली. मग अजून थोडी. गाडी आता उभी असताना सुद्धा हुश्श करून बसल्यासारखी दिसायची.

रविवारी निघालो. गुणमाला टेक्याला रेलून ऐसपैस बसली.

"कशी काय?" मी विचारलं.

"बरी हाय की!"

मला धन्य वाटलं. त्या दिवशी गाडीवर मला धड ऐकू आलेलं तिचं हे शेवटचं वाक्य. कारण टेका होता हातभर मागं, आणि टेक्याबरोबर गुणमालाही. वेग घेतला तशी ती काहीतरी बोलायला लागली, पण माझ्या हेल्मेटात नुसता वारा घोंघावत होता. मागून मधूनच एखादं "व्हय ना?" यायचं आणि मी "हो हो" म्हणायचो. म्हटलं, परतताना बोलू.

परतताना नांद्रे मागं पडल्यावर तिनं एकदम बोलायला सुरुवात केली. चांगली लांबलचक बोलली. मला अक्षर कळलं नाही. आवाज जरा रडका वाटला, तेव्हा मी ओळखलं, टेका टोचत असणार. नवीन वस्तू आहे. मी मान न वळवता मोठ्यांदा धीर दिला, "सवय होईल हळूहळू!"

एवढ्यानं भागेल असं वाटेना. म्हणून मी वर पुस्ती जोडली, "आणि नाहीच झाली तर बदलून आणू!"

त्यानंतर मागं जी शांतता पसरली, ती टेका टोचल्याची नव्हती. पण ते कळायला मला वेळ लागला, कारण तेवढ्यात मीटरवर कासवाचं चित्र आलं. चार्जिंग संपत आलं की आमची गाडी हे कासव दाखवते आणि तशीच चालायला लागते. बिनहवेच्या टायरांनी आणि डिकी-टेक्याच्या ओझ्यानं सगळी बॅटरी खाऊन टाकली होती. वसगडं ओलांडल्यावर, भिलवडीच्या अलीकडं, दोन्ही बाजूंना ऊस आणि मध्ये आम्ही, अशी गाडी थांबली.

गुणमालेनं आधी गाडीकडं बघितलं नाही, पश्चिमेकडं बघितलं. चातुर्मास चालू होता. आमच्यात दिवस मावळल्यावर जेवण नाही. गुणमाला तर चातुर्मासात रात्री पाण्याचा घोटही घेत नाही. घरी पोचून जेवायचं ठरलेलं होतं. आता सूर्य उसाच्या शेंड्याला टेकला होता, आणि आईचं करण्याच्या नादात तिच्या पोटात सकाळपासून फक्त चहा गेला होता. माझ्या हौसेपायी ती उद्या सकाळपर्यंत उपाशी राहणार, या विचारानं मला तिथंच रस्त्यावर बसावंसं वाटलं. बसायला मात्र जागा नव्हती, सगळा चिखल.

"निघताना माहेरच्या वैनीनं डबा दिलाय," ती म्हणाली. "पण बसायचं कुठं?"

मी पट्टे सोडले, जेलची सीट उपसून काढली आणि रस्त्याकडेच्या दगडांवर टाकली. दोघं शेजारी शेजारी बसलो. खरं सांगतो, इतका आराम त्या सीटनं गाडीवर एकदाही दिला नव्हता.

भाकरी आणि मुगाची उसळ. पहिला घास तिनं हातातच धरला.

"मघाशी काय म्हणालात तुमी?"

"कवा?"

"मी सांगत हुते तवा. सवय होईल म्हणालात. न्हाईतर बदलून आणू."

"हां. जोतिबा देतो की बदलून. गॅरंटी आहे."

गुणमाला माझ्याकडं बघतच राहिली. "आईची?"

"कुणाच्या आईची?"

"आवं, माझ्या! आईनं आज मला वळखलं न्हाई, हे सांगत हुते मी. तेल लावत हुते, तर म्हणाली, बाई, हात चांगला हाय तुझा, कुणाची गं तू? आता माझी गुणा येईल, तिला भेटून जा." तिचा आवाज फाटला. "आन तुमी म्हणता, बदलून आणू."

मी हातातला घास डब्यात ठेवला. माझी मलाच इतकी लाज आजवर कधी वाटली नव्हती. ऑफिसात रोज दहा जणांची बोलणी खातो, पण ती घरी येईपर्यंत विसरतो. हे विसरता येणार नव्हतं.

"मला ऐकू आलं न्हाई गं," मी म्हणालो. "मला वाटलं टेका टोचतोय. तू लय लांब बसली हुतीस."

ती आधी रडली. मग मधेच कधीतरी हसायला लागली. "टेका," असं म्हणायची आणि पुन्हा डोळ्याला पदर लावायची. मी भाकरी मोडून तिच्या हातात दिली. दिवस बुडता बुडता तिचं कसंबसं जेवण झालं. निम्मी भाकरी तशीच राहिली. पाणी पिऊन तिनं हात जोडले आणि डबा बंद केला.

तेवढ्यात एक ट्रॅक्टर, मागं रिकामी ट्रॉली, आमच्याशेजारी थांबला. वर मिशीवाले गृहस्थ. नाव नाथाजी, लष्करातून निवृत्त झालेले, ही शेजारचीच उसाची शेती त्यांची.

"पावणं, रस्त्याकडंला बैठक मांडलीया व्हय? सोफा घरनं आणला काय?"

"गाडीचं चार्जिंग संपलं."

"मग हितं बसून भरतंय व्हय ते?" ते खाली उतरले. "चलो, लोड करो. पलूसलाच निघालोय. आधी हितं रानातल्या घरात या, च्या घ्या."

"दिवस मावळला, दादा," गुणमाला म्हणाली. "आमी जैन हाय."

"हां हां, चातुर्मास. मग पाणीबी न्हाई." त्यांनी कपाळाला हात लावला आणि माझ्याकडं वळले. "आन अशा टायमाला तुमी बाईमाणसाला रस्त्यात आणून बसवलं? ठीक है."

ते "ठीक है" मला अजून आठवतं. ट्रॉलीत गाडी उभी बांधली, शेजारी जेलची सीट टाकून गुणमाला बसली, आणि मी गाडी हलू नये म्हणून तिला मिठी मारून उभा राहिलो. (गाडीला.) खड्ड्यांनी माझी हाडं खुळखुळत होती. वाटेत गुणमाला म्हणाली, "हितं मातर ह्या सीटवर एकबी धक्का बसत न्हाई बघा."

आठवड्यात मी जोतिबाकडून सगळं काढून घेतलं. टेका, डिकी, लांब फुटरेस्ट, स्प्रिंग. हवा भरली. गाडी पुन्हा कंपनीनं दिली होती तेवढीच निर्दय झाली. रविवारी मी तिला म्हणालो, "तू एस्टीनं गेलीस तरी चालेल." मी हे धीरानं म्हणालो, पण चेहरा आपला नेहमीचाच. तिनं जेलची सीट पिशवीत घालून मांडीवर घेतली आणि मागं बसली.

सांगलीत तिनं ती सीट खुर्चीवर टाकली आणि सासूबाईंना उचलून तिच्यावर बसवलं. तेल लावलं, केस विंचरायला घेतले. सासूबाई दोन्ही हातांनी सीट चाचपत होत्या. बराच वेळ चाचपून म्हणाल्या, "गुणा, कुठनं आणलीस गं ही? लय मऊ हाय."

गुणमालेचा कंगवा थांबला. मीही दारात तसाच उभा राहिलो. तिनं डोळे पुसले आणि माझ्याकडं बोट केलं. "ह्यांनी आणली, आई."

सासूबाईंनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. माझ्या हातात हेल्मेट होतं. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडं इतक्या मायेनं कधी बघितलं नव्हतं. मग त्या लेकीला म्हणाल्या, "माणूस गरीब दिसतोय गं. असा दारात किती वेळ उभा करशील रिक्षावाल्याला? भाडं देऊन टाक त्याचं."

परतताना गुणमाला अगदी जवळ बसली. हनुवटी खांद्याला लागत होती. वसगडं गेलं, आमची दगडांची जागाही मागं पडली, तरी ती गप्प. मी वाट बघत होतो. जावई म्हणून नाही तर नाही, निदान नवरा म्हणून दोन गोड शब्द कानात पडतील, एवढीच अपेक्षा होती. तेवढ्यात एक मोठा खड्डा मी चुकवायचा राहून गेला. गाडी आपटली, आणि माझ्या उजव्या कानात अगदी स्पष्ट आवाज आला.

"आवं रिक्षावाले, जरा बघून चालवा. माझं वजन पन्नास न्हाई."