भिंतीवर मारलेला हात

नोबुएनं चहा सोडल्याला चार महिने होत आले, तेव्हा तिचे यजमान मोरिहिको काजितानी यांनी ठरवलं की येत्या शनिवारी आपण प्रेमवीर व्हायचं.

निर्णय तसा लहानच होता. पण पाणीपुरवठा खात्यात चौतीस वर्षं काढलेल्या माणसाचा घात लहान निर्णयच करतात. (मोठे निर्णय वरचे साहेब घेतात, म्हणून ते निभावून जातात.)

डोंगरावरच्या देवळात जायचं, दोन टाळ्या वाजवून हात जोडायचे, आणि मागणं पुरं होईपर्यंत आवडती वस्तू सोडायची, ही नोबुएच्या माहेरची रीत. तिनं चहा सोडला. कशासाठी ते तिनं सांगितलं नाही आणि मोरिहिकोंनी विचारलं नाही. एकतीस वर्षांचा संसार दोघांनी याच पद्धतीनं सुरळीत चालवला होता.

पण तो नुसता चहा नव्हता. मुलगी लग्न होऊन फुकुओकाला गेल्यापासून संध्याकाळी सहाला बुटक्या टेबलावर दोन पेले आणि दोन बाजूंना दोघं गप्प, एवढाच त्यांचा सहवास उरला होता. आता नोबुए त्यांचा पेला भरून देई आणि स्वतः गरम पाणी घेऊन टीव्हीपुढे जाऊन बसे. मोरिहिकोंना तिची फार आठवण येई. ती चार पावलांवरच असे, तरी येई.

टीव्हीवर रेन्तो असे. रेन्तो म्हणजे एका ॲनिमे कार्टून-मालिकेतला सतरा वर्षांचा, उंच, कपाळावर केस आलेला मुलगा. तो दिसला की नोबुए असा खोल उसासा टाकी, की मोरिहिकोंचा चहा निवून जाई.

नोबुए बहिणीकडे गेली त्या दिवशी त्यांनी रजा टाकली आणि बाराच्या बारा भाग पाहिले. हा रेन्तो उताको नावाच्या मुलीला दरडावतो, तिचा फोन तपासतो, कोणाशी बोलायचं ते ठरवतो आणि दर दोन भागांनी तिच्या कानाशेजारी भिंतीवर धाडकन हात मारतो. उताको लाजते. बाराव्या भागातही तो तसाच आणि ती तशीच. बदलला तो तिच्या गळ्यातला मफलर. (असा माणूस आमच्या खात्यात असता तर त्याची कधीच बदली झाली असती, असं मोरिहिकोंना वाटून गेलं.) पण बायकोला हेच आवडत असेल, तर हेच.

शनिवारी दुपारी त्यांनी भांग मोडून केस कपाळावर ओढले. जेवढे होते तेवढे.

"तिकडे काय बघतेस, माझ्याकडे बघ," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले.

नोबुएनं निरखून पाहिलं. "डोळ्यात काही गेलं का तुमच्या?"

"सकाळी बाजारात कोणाशी बोललीस?"

"मासेवाल्याशी."

"यापुढे त्याच्याशी बोलायचं नाही."

"बरं. मग बांगडा तुम्ही आणणार का?"

मोरिहिकोंनी थोडा विचार केला. "त्याच्याशी बोल," ते म्हणाले, आणि धीर सुटायच्या आत तिच्या कानाशेजारी भिंतीवर जोरात हात मारला.

खात्याचं कॅलेंडर त्यांच्या डोक्यावर पडलं. मनगटातून कळ गेली. आणि भिंतीपलीकडे शेजारच्या इकुताबाईंचा माऊथ ऑर्गन, जो या दोघांच्या ध्यानातही नव्हता, मध्येच थांबला.

त्या सरकारी चाळीत भिंतीवर हात मारण्याचा अर्थ एकच: तुमचा आवाज फार होतोय, बंद करा.

दहा मिनिटांत बेल वाजली. दारात इकुताबाई, हातात खाऊचा डबा, कमरेतून वाकलेल्या. "दोन वर्षं तुम्ही माझं वाजवणं सोसलंत. मला मेलीला कळलंच नाही."

"नाही हो, छान वाजवता," नोबुए त्यांच्याहून खाली वाकली.

"नाही, नाही, चुकलंच माझं."

दोघी अशा वाकत राहिल्या असत्या तर जमिनीला टेकल्या असत्या. मोरिहिकोंना राहवेना. "बाई, तो हात तुमच्यासाठी नव्हता."

"मग कोणासाठी?"

"हिच्यासाठी."

इकुताबाई सरळ झाल्या. त्यांनी एकदा मोरिहिकोंकडे, एकदा नोबुएकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "नोबुए, माझी आतली खोली रिकामी असते. केव्हाही ये. विचारायचंसुद्धा नाही."

मोरिहिको घाईघाईनं पुढे झाले. "तसं नाही हो. मला हिच्याबरोबर चहा प्यायचा होता." एवढं सुटलं आणि मग थांबेना. "एकट्यानं घशाखाली उतरत नाही. हे सांगायचं कसं ते येत नाही, म्हणून त्या टीव्हीतल्या पोराकडून शिकलो."

इकुताबाईंनी डबा ठेवला आणि पाय न वाजवता निघून गेल्या.

नोबुएनं डबा उघडला. आत सुकवलेले पर्सिमॉन होते, सुक्या अंजिरासारखे, अंगावर साखर सुटलेले. तिनं एक उचलला आणि डोळे मिटून सावकाश खाल्ला.

"तुला तर आवडत नाहीत," मोरिहिको म्हणाले.

"कोणी सांगितलं? लग्नाच्या दुसऱ्या वर्षी सोडले होते. यांनी एकदा तरी मनातलं बोलावं म्हणून." तिनं बोटं पुसली. "देवाला उशीर झाला, पण त्यानं ऐकलं."

मोरिहिकोंनी टेबलावरचा दुसरा पेला तिच्यापुढे सरकवला. "मग आता चहा?"

"चहा नाही. तो रेन्तोसाठी सोडलाय."

"कोणासाठी?"

"पोरगा मनानं वाईट नाही हो, पण वळण नाही. आणि त्या उताकोला तोंड फुटायला नको? जीव तुटतो माझा तिच्यासाठी. एप्रिलमध्ये नवं पर्व येतंय, बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळाच्या दोनशे पायऱ्या चढून मोरिहिको धापा टाकत देवापुढे उभे राहिले. टाळ्या वाजवून त्यांनी बराच वेळ हात जोडले.

"एवढं काय मागितलंत?" नोबुएनं विचारलं.

"त्या कार्ट्याला सुबुद्धी दे म्हटलं."

"आणि सोडलंत काय?"

हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.

"पर्सिमॉन सोडा," नोबुए मायेनं म्हणाली. "एकोणतीस वर्षं माझा वाटाही तुम्हीच खाल्लाय."