बिनखिडकीची खोली

बबनराव वाळंजांच्या घराला जेवढी दारं आहेत, तेवढ्या घंटा आहेत. देवळातल्या नव्हेत, बैलांच्या गळ्यातल्या. ट्रॅक्टर घेतला तेव्हा त्यांनी बैल विकले, पण घंटा सोडवून घेतल्या. घेणारा म्हणाला, घंटांसकट द्या की. बबनराव त्याच्याकडे बघत राहिले. "तुला बैल पायजेल का घंटा? ह्यात कायतरी हाय." सौदा मोडता मोडता राहिला.

"ह्यात कायतरी हाय" हे त्यांचं आवडतं वाक्य. बाजारात कलिंगडवाल्याने चाखायला फोड दिली, तर ती खाऊन ते पुढे जात. एवढं गोड आहे तर फुकट का वाटतो, हा त्यांचा प्रश्न. शनिवार-रविवार पुण्याहून येणारा एक बंगलेवाला त्यांना हसून "गुड मॉर्निंग काका" म्हणाला, तेव्हा ते संध्याकाळपर्यंत आपल्या बांधाच्या खुणा तपासत हिंडले होते. एका डॉक्टरने ओळखीपोटी फी घेतली नाही, म्हणून त्यांनी त्याची गोळीच घेतली नाही. मी नोकरीतून निवृत्त झालो तेव्हा त्यांना पेढे दिले. पेढा हातात धरून त्यांनी हळूच विचारलं, "निवृत्त झालात, का वरच्यांनी डाव करून काढलं?"

मी मुळशी धरणाच्या पाण्याकाठच्या या गावात शाळेवर आलो आणि नंतर इथंच राहिलो. गाव मला गुरुजी म्हणतं. माझं अंगण आणि वाळंजांचं अंगण यांच्यामध्ये करवंदीचं कुंपण आहे. त्या कुंपणावरून जेवढं दिसतं, तेवढ्यावर मी माणसाची परीक्षा केली. म्हणून हे लिहायला बसलो आहे.

दोनेक वर्षांपूर्वी सोनाबाई, म्हणजे बबनरावांच्या पत्नी, दिसेनाशा झाल्या. आधी त्या ओढ्यावर, दळणाला, हळदीकुंकवाला सगळीकडे असायच्या. आता कुणी विचारलं की बबनराव म्हणत, शेतात गेलीया. शेतात विचारलं तर म्हणत, बहिणीकडं गेलीया. आणि घराच्या दाराला बाहेरून कडी असे. याच सुमारास गावात बोलणं सुरू झालं की, म्हाताऱ्याला आता बायकोचाही संशय यायला लागला आहे आणि तो तिला कोंडून ठेवतो. ते बोलणं पहिल्यांदा चहाच्या टपरीवर मी काढलं होतं. तेव्हा त्याला मी काळजी म्हणत होतो.

अशात एका सकाळी बबनराव कुंपणाशी आले. म्हणाले, "गुरुजी, बोटीत खोली घ्यायचीया. विंग्रजी वाचाया चला."

मला वाटलं धरणातली बोट. ते म्हणाले, मुंबईची, गोव्याला जाणारी. कितीजण, तर दोघं. ज्या माणसाने आयुष्यात एसटीच्या कंडक्टरला सुट्या पैशांसाठी तिकिटामागे लिहू दिलं नाही, तो समुद्रावर खोली घ्यायला निघाला होता. मनात म्हटलं, ह्यात कायतरी आहे.

पिरंगुटला एका पर्यटनवाल्यांचं ऑफिस आहे. तिथल्या मॅडम तरुण आणि हसतमुख, म्हणजे बबनरावांच्या दृष्टीने सुरुवातच वाईट झाली. मॅडमनी कॉम्प्युटरवर पहिल्यांदा गॅलरीची केबिन दाखवली. खुर्च्या, फुलं, समोर निळं पाणी.

"हिला पाण्याकडं दार हाय," बबनराव म्हणाले. "नको."

मॅडमनी खिडकीची दाखवली. ही उघडते का, असं त्यांनी विचारलं. नाही, काच पक्की बसवलेली असते. मग काच फुटते का? मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे.

शेवटी मॅडमनी बिनखिडकीची दाखवली. चारी बाजूंनी भिंती आणि एक दिवा. बबनरावांचा चेहरा खुलला. मॅडमना राहवलं नाही. त्या म्हणाल्या, "काका, एवढे समुद्रावर जाणार आणि खोलीतून समुद्र दिसणार नाही तुम्हाला."

"समुद्र बघाया वर जाऊ की. खोली झोपायलाच असती ना?"

मग चौकशी सुरू झाली. बैल घेताना दात, खूर, शेपटी बघतात तशी. दाराला कडी आतून असते का बाहेरून? जिना किती लांब? बाहेर रात्री कुणी जागं असतं का? मॅडम म्हणाल्या, एक केबिन कर्मचाऱ्यांच्या जागेला लागून आहे, पण तिथे रात्रभर येणंजाणं असतं, ती कुणी घेत नाही. बबनराव म्हणाले, "तीच द्या."

आणि उठता उठता विचारलं, दाराला आतून घंटा टांगायला खिळा आहे का. मॅडम बिचाऱ्या हसल्याही नाहीत. म्हणाल्या, भिंती पत्र्याच्या असतात काका, खिळा नसतो. हे लगेच शेजारच्या हार्डवेअरच्या दुकानात शिरले आणि हुक असलेलं एक जाड लोहचुंबक घेऊन आले. दुकानदाराच्या लोखंडी शटरला ते चिकटवून, त्याला हाताने धरून लोंबकळून बघितलं. दुकानदार मला म्हणाला, "तुमचे कोण?" मी म्हणालो, शेजारी.

फोन नंबर द्यायची वेळ आली तेव्हा बबनरावांनी माझा दिला. स्वतःचा ते कुणालाच देत नसत.

परतताना एसटीत मी सगळं जुळवत होतो. खिडकी नको, गॅलरी नको, बाहेर राखणदार, दाराला घंटा. माझी खात्रीच पटली. दुसऱ्या दिवशी मॅडमचा फोन आला, केबिन पक्की करू का? मी म्हणालो, थांबा. आणि बबनरावांच्या मुलीला, वैशालीला, फोन लावला.

वैशाली हिंजवडीत नोकरी करते, नेऱ्याला राहते. आईला भेटायला येते म्हटलं की वडील काहीतरी निमित्त काढून टाळतात, हे तिने मला आधी सांगितलं होतं. मी तिला बोटीचं सांगितलं, बिनखिडकीच्या खोलीचं सांगितलं आणि माझा संशयही सांगितला. तिने वडिलांना फोन केला. ती काय बोलली ते मला कुंपणाअलीकडे ऐकू आलं नाही. बबनराव अंगणात उभे राहून नुसतं "बरं" म्हणत होते. "बरं. न्हाई जात." खोली दुसऱ्या कुणाला गेली, मग पावसाळा आला आणि बोटी बंद झाल्या.

श्रावणात एका दुपारी घंटा वाजली. मी बघितलं तर सोनाबाई दारातून बाहेर पडून सरळ धरणाच्या दिशेने चालल्या होत्या. पदर चिखलात. मागून बबनराव अनवाणी. मला वाटलं, आता हे ओरडणार, हाताला धरून ओढत नेणार. मी कुंपण ओलांडून मागे गेलो.

ते ओरडले नाहीत. रस्त्यात कुणी भेटावं तसे त्यांच्या शेजारी जाऊन चालायला लागले.

"कुटं निघालात?"

"पाण्याकडं."

"मी बी तिकडंच. चला, सोबत हुईल."

दोघं काठावर बसली. सोनाबाई पाण्याकडे बघत एकदम शांत झाल्या. बबनरावांनी त्यांच्या पदराचं टोक स्वतःच्या मनगटाला गुंडाळून घेतलं आणि मग मला पाहिलं.

"चोर भायेरून येतो, गुरुजी," ते म्हणाले. "घंटा आतून का बांधली, ते तुमी कवा इचारलं न्हाई."

मी विचारलं, वैशालीला का नाही सांगितलं. त्यांनी मनगटावरचा पदर नीट केला. मग म्हणाले, "ही पैली लेकीलाच इसरली. ते लेकीला कसं सांगू? त्यापरीस बाप वाईट हाय म्हनू दे." आणि थोड्या वेळाने, "मला अजून वळखती, मदीच कवातरी. म्हनून बोटीची घाई होती. पाण्यापाशी निवांत असती. दिसभर पाणी दावलं असतं, रातच्याला भ्या नसतं."

मी त्यांना तिथंच सांगितलं, वैशालीला फोन मी केला होता. टपरीवरचंही सांगितलं. त्यांनी पाण्यात एक खडा टाकला.

"तुमच्यात कायतरी हाय, असं मला कवाच वाटलं न्हाई, गुरुजी."

सगळ्या गावात त्यांनी एकाच माणसावर संशय घेतला नव्हता.

वैशालीला मी जाऊन भेटलो आणि खरं सांगितलं. ती त्याच दिवशी आली. सोनाबाई म्हणाल्या, "या बाई. कुनाच्या तुमी?" वैशाली कंगवा घेऊन आईच्या मागे बसली.

दिवाळीनंतर बोटी सुरू झाल्या तेव्हा वैशालीनेच तशी खोली शोधून दिली. तीच, कुणी न घेणारी.

गोव्याहून आल्यावर बबनराव माझ्याकडे काजूची पुडी घेऊन आले. वजन बघायला ती आधीच फोडलेली होती. तक्रारी पुष्कळ होत्या. सरबत फुकट देतात, ह्यात कायतरी हाय. चादरीचा हंस करून ठेवतात, तो मोडायला दोघांचं धाडस झालं नाही, म्हणून ती रात्र त्यांनी खुर्चीत काढली. लोहचुंबक मात्र चांगलं निघालं.

"आणि वहिनी?" मी विचारलं.

ते पुडीची घडी घालत बसले. "वरती बसलो व्हतो, दिस बुडायच्या येळंला. लई येळ माज्याकडं बघितलं तिनं. म्हनली, पाव्हणं, घरच्यांना न्हाई आनलं व्हय?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हनलं, आनलंय की. हितंच हायेत." त्यांनी पुडी माझ्याकडे सरकवली. "तवा म्हनली, बरं केलंत. एकट्याला करमत न्हाई."