एका शब्दाची काटकसर

फिडोन रंगाऱ्याने थोरल्या भावाला खोकल्यावरचं चाटण धाडलं आणि सोबतच्या खापरीवर एकच शब्द खरडला: फार्माकॉन. औषधाला एजिना बेटावर सगळे हेच म्हणतात. विषालाही हेच म्हणतात आणि रंगालाही, हे जन्मभर रंगात हात बुडवलेल्या माणसाला त्या घडीला आठवलं नाही.

दोघांत दोन वर्षं अबोला होता. थोरल्या मेलानिप्पसने मुलीच्या लग्नासाठी झगा फिडोनकडे केशरी रंगवायला दिला आणि तो कांद्याच्या सालीचा रंग घेऊन परतला, एवढंच कारण. आता मेलानिप्पस कायमचा सिसिलीला निघाला होता. त्याआधी मनं जुळावीत म्हणून फिडोनचा जीव तळमळत होता, पण आपण होऊन त्याची पायरी चढायची म्हणजे कमीपणा. म्हणून ही खापरी.

रंगाऱ्याकडून आलेलं फार्माकॉन म्हणजे रंगच, असं मेलानिप्पसने धरलं. आपल्या पांढऱ्या केसांना हा टोमणा, असंही त्याला वाटलं. पण धाकट्याने अबोला तर मोडला, म्हणून त्याचं मन राखायला तो ते डोक्याला चोपडून उन्हात बसला. चाटण मधाचं होतं. अर्ध्या गावच्या माश्या जमल्या आणि बाजारात जे हसू झालं, ते फिडोनच्याही कानावर आलं.

चौथ्या दिवशी भावाकडून एक मडकुलं आलं. खापरीवर एकच शब्द: फार्माकॉन.

"हे विष आहे," फिडोन बायकोला म्हणाला. "माश्यांचा सूड उगवतोय."

"अहो, भाऊ आहे तो तुमचा," नॉसिस म्हणाली. "जाऊन विचारा तरी."

"मी नाही जायचा."

त्याने ते भाकरीच्या तुकड्यांना फासून उंदरांपुढे टाकलं. गलबत सुटलं तेव्हाही तो धक्क्यावर गेला नाही.

उंदीर काही मेले नाहीत. उलट चांगले गुटगुटीत झाले, अंगावर तुकतुकी आली. तेव्हा कुठे फिडोनने मडकुलं नाकाशी नेलं. मेण, तेल आणि मेंढीची चरबी. रंगाच्या पाण्याने तडकलेल्या हातांना आई लावायची, तेच मलम.

"तरी सांगत होते," नॉसिस म्हणाली.

दोघांनी आणखी एकेक शब्द लिहिला असता, तर काय हात झिजले असते? फिडोनला रडू आवरेना. त्याने मडकुल्याचा तळ खरवडला. एका बोटापुरतं निघालं. ते बोट आठवड्यात बरं झालं. बाकीची नऊ तशीच राहिली.