सोफाही हलला

दातांच्या डॉक्टरांनी दुकानात दोन कॅमेरे दोन हातांत घेऊन बराच वेळ तोलून पाहिले. दोन्ही छोटे, शर्टाच्या खिशात मावणारे, दिसायला जुळे भाऊ. फरक इतकाच की एकात इमेज स्टॅबिलायझेशन होतं आणि त्यापायी तो बराच महाग होता.

"हे नक्की काय करतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"फोटो काढताना हात हलला ना साहेब, की आतली काच सरकते आणि सांभाळून घेते," दुकानदार म्हणाला. "फोटो पुसट येत नाही. घरात, कमी उजेडात काढणार असाल तर हाच घ्या. हात काय, सगळ्यांचाच हलतो."

दुसऱ्या कोणी हे ऐकून घेतलं असतं आणि पैसे मोजले असते. डॉक्टरांना ते झोंबलं. त्यात काउंटरच्या टोकाला त्यांचा एक पेशंट बॅटरीचे सेल घ्यायला उभा होता आणि कान इकडेच लावून होता.

"सगळ्यांचा हलत असेल," डॉक्टर जरा मोठ्यानेच म्हणाले. "मी दिवसभर लोकांच्या तोंडात ड्रिल धरतो. माझा हात हलला असता तर निम्मं गाव बोबडं झालं असतं. तो साधा द्या."

पेशंटने जीभ गालातल्या गालात एकदा फिरवून पाहिली आणि तो निघून गेला. डॉक्टर साधा कॅमेरा खिशात टाकून छाती काढून घरी आले.

कॅमेरा घ्यायचं कारण होतं मेव्हणी. ती बऱ्याच वर्षांनी परदेशातून माहेरी आली होती आणि रविवारी सासरी सगळे जमणार होते. पण डॉक्टरांचं खरं लक्ष रविवारकडे नव्हतं, सोमवारकडे होतं. सोमवारी त्यांचे सासरे त्यांच्याकडे दाढ काढून घ्यायला येणार होते.

याचं महत्त्व कळायला सासरे कळायला हवेत. ते चित्रकलेचे मास्तर. फळ्यावर हाताने वर्तुळ काढायचे आणि मग पोरांना कंपास लावून बघायला सांगायचे. माणसाची परीक्षा ते हातावरून करत. डॉक्टर पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले तेव्हा पाण्याचा पेला घेताना अर्धं पाणी मास्तरांच्याच सदऱ्यावर सांडलं. मास्तरांनी मुलगी दिली, पण दात दिले नाहीत. जावई दातांचा डॉक्टर असताना हा गृहस्थ समोरच्या इमारतीतल्या म्हाताऱ्या डॉक्टरांकडे जायचा, तेही जावयाच्या दवाखान्याच्या खिडकीखालून. खुर्चीत आ वासून बसलेले पेशंटसुद्धा विचारायचे, "ते तुमचे सासरेच ना?" डॉक्टर म्हणायचे, "तोंड बंद करू नका."

आता ते म्हातारे डॉक्टर थकले आणि आपली जागा एका नव्या डॉक्टरीणबाईंना देऊन घरी बसले. मास्तरांची दाढ नेमकी त्याच आठवड्यात ठणकायला लागली. बायकोने वडिलांपाशी कितीतरी वेळा शब्द टाकला, तेव्हा कुठे ते म्हणाले, "बरं. सोमवारी येतो." त्या दिवशी डॉक्टरांनी दवाखाना रंगवायला काढला.

रविवारी बैठकीच्या खोलीत सगळे सोफ्यावर दाटीवाटीने बसले. सासूबाईंच्या डोळ्यांचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं, म्हणून फ्लॅश बंद. संध्याकाळचा उजेड, डोक्यावर एकच दिवा. डॉक्टरांनी धडाधड फोटो काढले. पाठीमागच्या छोट्या पडद्यावर सगळे झकास दिसत होते. तिथे सगळंच झकास दिसतं.

जेवणं झाल्यावर मेव्हण्याने हौसेने कॅमेऱ्याची वायर टीव्हीला जोडली. पहिला फोटो आला. सगळ्यांना दोन दोन नाकं होती. दुसऱ्यात सासूबाई आणि मेव्हणी मिळून एकच बाई झाली होती.

"तुम्ही सगळे हललात," डॉक्टर म्हणाले. "मी सांगत होतो, हलू नका."

"सगळेच?" मेव्हण्याने विचारलं.

"हसताना माणूस हलतोच."

मेव्हणा टीव्हीजवळ गेला आणि बोट ठेवून म्हणाला, "पण भावोजी, सोफाही हललाय."

मेव्हण्याने भिंतीवरचं घड्याळही दाखवलं. त्याला चार काटे होते. मास्तरांनी गालावर हात ठेवला, एकदा टीव्हीकडे पाहिलं, एकदा जावयाच्या उजव्या हाताकडे पाहिलं आणि ते झोपायच्या खोलीत गेले.

सोमवारी सकाळी फोन आला. "दाढेचं जरा बरं वाटतंय," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज तोंडात लिंबू धरल्यासारखा येत होता. "बघू पुढच्या आठवड्यात."

डॉक्टरांना जेवण गेलं नाही. बायको समजूत घालत होती. "अहो, मला माहितेय ना तुमचा हात. बाबांचं काय घेऊन बसलात?"

पण डॉक्टर इरेला पेटले. एक स्पष्ट फोटो काढायचा आणि सासऱ्यांपुढे ठेवायचा, बस. त्यांनी चहा सोडला, कारण चहाने हात थरथरतो असं कोणीतरी सांगितलं होतं. दुपारपर्यंत डोकं असं चढलं की दोन पेशंटवर ते विनाकारण खेकसले. मग श्वास रोखून फोटो काढायचा सराव सुरू केला. एक बाई दवाखान्यात आल्या तेव्हा डॉक्टर भिंतीला टेकून, गाल फुगवून, लालबुंद होऊन एका कुंडीकडे बघत उभे होते. बाई म्हणाल्या, "मी नंतर येते," आणि परत आल्या नाहीत. कुंडी पुसटच आली.

बुधवारी त्यांना युक्ती सुचली. घरी कॅमेरा पुस्तकांच्या चवडीवर ठेवला, टायमर लावला आणि पळत जाऊन बायकोशेजारी उभे राहिले. फोटो इतका सुरेख आला की बायकोच्या साडीच्या काठाचे धागे मोजून घ्यावेत. त्याची मोठी प्रत काढून डॉक्टर बायकोला घेऊन तडक सासरी गेले.

मास्तरांचा गाल एव्हाना टम्म सुजला होता. त्यांनी चष्मा लावून फोटो नीट पाहिला.

"छान आहे," ते म्हणाले. "कोणी काढला?"

"मी."

"यात तर तुम्ही आहात."

कॅमेरा पुस्तकांवर ठेवला होता हे सांगावं, तर हाताचा संबंधच उरत नव्हता. बायको हळूच म्हणाली, "बाबा, कॅमेराच वाईट आहे हो."

"कॅमेरा कसा वाईट असेल? हा फोटो त्यानेच काढलाय ना?" मास्तर म्हणाले. दाढ ठणकत असतानाही त्यांना हे म्हणायला बरं वाटलं असावं. "आणा इकडे तो. जावईबापू, हात कसा धरायचा असतो ते बघा."

त्यांनी सासूबाईंना खुर्चीत बसवलं. पाय फाकवून उभे राहिले, कोपरं शरीराला चिकटवली, एक डोळा मिटला. सगळं घर बघत होतं. मास्तरांनी बटण दाबलं आणि न बघताच कॅमेरा मेव्हण्याकडे दिला. मेव्हण्याने तो टीव्हीला जोडला.

सासूबाईंना तीन कान होते.

"मी अजिबात हलले नाही बरं का," सासूबाई म्हणाल्या.

खुर्चीही तिच्या जागी दिसत नव्हती, पण या वेळी मेव्हणा बोट दाखवायला उठला नाही. मास्तर पडद्याकडे पाहत राहिले. फळ्यावरची सगळी वर्तुळं त्या क्षणी पणाला लागली होती, आणि हे खोलीतल्या प्रत्येकाला कळत होतं.

"कॅमेरा खराब आहे," मास्तर शेवटी म्हणाले.

"अगदीच टाकाऊ," मेव्हणा म्हणाला.

"मी तेच म्हणत होते," बायको म्हणाली.

डॉक्टरांना खरं तर म्हणायचं होतं की कॅमेऱ्यात काही खोट नाही, दुकानदाराने बजावलं होतं, माझीच खोड मला नडली. पण बायकोने त्यांच्या पायावर पाय ठेवला होता. "लुटतात हो हे दुकानदार," डॉक्टर म्हणाले.

"मग आता उशीर कशाला? चला, दाढ काढून टाका," मास्तर म्हणाले.

तासाभरात मास्तर नव्या रंगाचा वास येणाऱ्या दवाखान्यात खुर्चीवर आडवे झाले. बायको दाराशी उभी राहिली. डॉक्टरांनी भूल दिली, दाढ बधिर झाल्याची खात्री केली आणि चिमटा उचलला. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की मास्तर घाबरलेत. साधेसुधे नाही. डोळे घट्ट मिटलेले, मुठी आवळलेल्या आणि जबडा थंडीत कुडकुडावा तसा थडथडत होता.

दाताच्या डॉक्टरांचा हात कधी अधांतरी नसतो. तो पेशंटच्याच जबड्यावर टेकलेला असतो, एक बोट शेजारच्या दातावर असतं, म्हणून तो स्थिर असतो. इथे टेकायची जागाच नाचत होती. जबडा गेला की हात जायचा, जबडा आला की हात यायचा, कोपरापर्यंत सगळं लटलट हलत होतं. पण दोघं मिळूनच हलत असल्यामुळे दाढ आणि चिमटा एकमेकांपासून तसूभर सरकले नाहीत. डॉक्टरांनी आयुष्यात इतकी सफाईदार दाढ काढली नव्हती.

"झालं?" मास्तरांनी एक डोळा उघडून कापसाआडून विचारलं.

"झालं."

मास्तर उठून बसले. दाढेकडे पाहिलं, मग जावयाकडे पाहिलं आणि त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. "दगड," ते म्हणाले. "काडीइतका हलला नाही. मी उगीच इतकी वर्षं तो समोरचा जिना चढलो."

मास्तरांना रिक्षात बसवून देईपर्यंत डॉक्टर नुसते हसत राहिले.

परत वर आले तेव्हा बायको दाराशी तशीच उभी होती. चेहरा उतरलेला.

"ऐकलंस ना बाबा काय म्हणाले ते?" डॉक्टरांनी विचारलं.

"त्यांचे डोळे मिटलेले होते," बायको म्हणाली. "मी इथून सगळं बघत होते."

डॉक्टर सांगायला गेले, की हात माझा नव्हता हलत, जबडा हलत होता, तुझे बाबा भीतीने पार गळाले होते. मग त्यांना मास्तरांच्या हातांतला आपला हात आठवला. ते गप्प बसले.

"कोणाला सांगणार नाही मी," बायकोने त्यांच्या खांद्यावर मायेने हात ठेवला. "अहो, वय झालं की व्हायचंच. फक्त एक करते. माझी ती अक्कलदाढ आहे ना, ती समोरच्या डॉक्टरीणबाईंना दाखवते. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."