बॅटरी-निवडीची शास्त्रशुद्ध पद्धत

बारा पूर्णांक सहा आणि बारा पूर्णांक दोन या दोन आकड्यांत कागदावर चार दशांशांचे अंतर असते. गाडीच्या बॅटरीत तेवढ्या व्होल्टांच्या अंतरात निम्मा जीव निघून जातो. मोजमाप न करता निर्णय घेणे हे माणसाच्या बहुतेक दुःखांचे मूळ आहे, असे सरांचे मत होते. ते शाळेत भौतिकशास्त्र शिकवत.

गाडी सकाळी कण्हत सुरू होऊ लागली, तेव्हा त्यांनी बॅटरीवाल्याला बोलावले. त्याने बॉनेट उघडले, चार सेकंद पाहिले आणि कोणती लागेल ते सांगितले. सरांना ते चार सेकंद खटकले. (उत्तरपत्रिकेत पायऱ्या न दाखवणाऱ्याला ते निम्मेच गुण देत.) विचार करून कळवतो, म्हणाले.

घाई तशी होती. आईंच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची तारीख चार महिने थांबल्यावर मिळाली होती: येत्या महिन्यातला दुसरा गुरुवार, सकाळी आठ, इस्पितळ चाळीस किलोमीटरवर. चुकली की पुन्हा चार महिने.

पण आधुनिक गाडीचे काम नाजूक. जुन्या गाडीची बॅटरी म्हणजे डबा. मावला की झाले. नव्या गाडीचे इंजिन सिग्नलला आपणहून झोपते, आपणहून उठते, आणि बॅटरी बदलली की तिच्या संगणकाला रीतसर कळवावे लागते. जावई पसंत करतानाही इतक्या चौकशा होत नाहीत. सरांनी तक्ता आखला: नऊ बॅटऱ्या, सतरा निकष (‘हँडलची पकड’ हा मागाहून वाढवला). ग्राहकांची दोनशे बारा मते वाचली. एकशे चार समाधानी, एकशे चार नाराज. उरलेल्या चौघांची तक्रार वायपरबद्दल होती.

जुन्या बॅटरीचे निरीक्षणही चालूच होते. सर रोज सकाळ-संध्याकाळ गाडी उघडत. दार उघडताच आतला दिवा लागे, पडदा उजळे, संगणक जागा होऊन आता कुठे जायचे म्हणून ताटकळत बसे. सर व्होल्टमीटर लावून आकडा वहीत लिहीत आणि कुलूप घालून वर येत. आकडा रोज थोडा उतरे. आलेख इतका सुबक होता, की तो उतरतो कशाने हे विचारणे असभ्यपणाचे वाटले असते. (उतार वाढल्यावर सरांनी नोंदी दिवसातून चार वेळा घ्यायला सुरुवात केली.)

टॅक्सी सांगून ठेवू का, असे पत्नीने दोनदा विचारले. दारात गाडी असताना टॅक्सी म्हणजे निष्कर्षाआधीच प्रयोग सोडणे, असे सरांनी समजावले. दुसऱ्यांदा त्यांनी आलेखही दाखवला. बुधवारपर्यंत तक्त्यात दोनच बॅटऱ्या उरल्या. दोघींचे गुण सारखे.

गुरुवारी सहा वाजता आई पिशवी मांडीवर घेऊन मागच्या सीटवर बसल्या. सरांनी बटण दाबले. गाडी एकदा टक् म्हणाली आणि गप्प झाली.

पत्नीने बॅटरीवाल्याला फोन करून तक्त्यात उरलेल्या दोन्ही बॅटऱ्यांची नावे सांगितली. बॅटरीवाला वीस मिनिटांत टेम्पो घेऊन आला.

“दोन्ही आणल्यात. कुठली बसवू?”

सरांनी वही उघडली. “फक्त कंपनांचा मुद्दा तपासायचा राहिलाय.”

पत्नीने घड्याळाकडे पाहिले. मागून आईंचा आवाज आला.

“मला मेलीला नीट दिसत नाही, म्हणून विचारते हो. या दोघींतली गाडी सुरू न करणारी कुठली?”

सरांनी दोन्ही रकाने वरपासून खालपर्यंत वाचले. असा निकष तक्त्यात नव्हता. त्यांनी वही मिटली.

“बसवा. तुम्हाला योग्य वाटेल ती.”

(ती कोणती, हे येथे मुद्दाम दिलेले नाही. त्यासाठी जे वाचक मजकूर पुन्हा वरून चाळू लागले असतील, त्यांनी आधी खाली जाऊन आपली गाडी सुरू होते का ते पाहावे.)